जळीत रुग्णांच्या व्यायामाच्या तासाला मनाचाही उपचार मिळावा : आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण विभागांस खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग, आणि
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण विभाग,
महाराष्ट्र शासन, मुंबई.

विषय : भाजलेल्या रुग्णांच्या शारीरिक पुनर्वसनाच्या काळात आघातोत्तर ताणावर उपचार मिळण्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

भाजलेला रुग्ण वाचला, ग्राफ्ट (रोपलेली त्वचा) धरले आणि जखमा भरल्या, की आपल्या व्यवस्थेच्या लेखी त्याचा उपचार संपतो. डिस्चार्ज कार्ड हातात पडते, ‘फिजिओथेरपीला ओपीडीत येत जा’ असे सांगितले जाते आणि खाट पुढच्या रुग्णासाठी मोकळी होते. रुग्णाचा खरा अवघड काळ तेव्हा सुरू होतो. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्या कामाचा बराचसा काळ जळीत विभागांत गेला आहे. त्या आधारावर मला आपल्यापुढे एकच गोष्ट मांडायची आहे. भाजण्याच्या प्रसंगाचा मनावर झालेला आघात व्यायामाच्या टेबलावर सर्वांत स्पष्ट दिसतो, तिथेच तो शरीराच्या उपचाराला अडवतो, आणि म्हणून त्यावरचा उपचारही त्याच खोलीत, त्याच तासाला सुरू झाला पाहिजे. आधी शरीर बरे होऊ द्या, मनाचे नंतर बघू, हा क्रम या रुग्णांना लागू पडत नाही.

पत्र दोन्ही विभागांना लिहिण्याचे कारण असे की रुग्ण दोघांच्या मध्ये सापडतो. मोठी शस्त्रक्रिया वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात होते, ते एका विभागाकडे. नंतरचा व्यायाम जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयात करायचा असतो, ते दुसऱ्याकडे. मानसोपचार आणखी कुठल्या तरी इमारतीत असतो. तिन्ही ठिकाणी कागद वेगळा आणि रांगही वेगळी.

भाजलेल्या अंगाचे नेमके काय होते, ते थोडक्यात सांगते. भरून येणारी जखम आकसते. दुखते म्हणून रुग्ण कोपर दुमडून, दंड छातीला लावून, हनुवटी खाली घेऊन पडून राहतो. आणि ज्या स्थितीत त्याला आराम वाटतो त्याच स्थितीत सांधा आखडतो. म्हणून आम्ही काखेतून हात नव्वद अंश दूर ठेवायला लावतो, मान भाजली असेल तर उशी काढून घेतो, रात्री स्प्लिंट (सांधा जागेवर धरून ठेवणारा आधार) बांधतो आणि रोज सांधा ताणतो. व्रण पक्व व्हायला साधारण सहा महिने ते दोन वर्षे लागतात. तोवर ताठ होत जाणाऱ्या त्या कातडीशी दररोज झगडावे लागते, आणि प्रेशर गारमेंट हा घट्ट कपडा दिवसातले तेवीस तास अंगावर ठेवावा लागतो. थोडक्यात, रुग्णाने रोज स्वतःहून वेदनेला सामोरे जायचे, आणि तेही मन त्या प्रसंगाच्या प्रत्येक खुणेपासून पळ काढत असताना.

आघातोत्तर ताण विकाराची लक्षणे पुस्तकात चार गटांत दिलेली असतात : प्रसंग नको असताना पुन्हा पुन्हा समोर येणे, त्याची आठवण देणाऱ्या गोष्टी टाळणे, मन काळवंडणे, आणि शरीर सतत सावध राहणे. जळीत विभागात हे चारही गट ‘मॅडम, आज नको’ या तीन शब्दांत ऐकू येतात. ताप नसतो, जखमेत पू नसतो, काल हात इतका वर गेलेला असतो आणि आज रुग्ण टेबलावर चढायला तयार नसतो. केस पेपरवर ‘रुग्ण सहकार्य करत नाही’ अशी नोंद होते. नातेवाईक ओशाळतात, एखादी सासू ‘एवढी नाटकं कशाला’ म्हणते आणि एक दिवस वाया जातो. असे दिवस साठत जातात आणि काख आखडते.

एक प्रसंग सांगते, म्हणजे मुद्दा लक्षात येईल. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. स्टोव्हच्या भडक्याने पदर पेटून छाती, काख आणि दंड भाजलेली एक तरुणी भिंतीवरच्या लाकडी पट्टीच्या खाचांतून बोटे सरकवत हात वर नेत होती. चार खाचा रोजच्यापेक्षा वर गेली होती आणि स्वतःच मोजत होती. तेवढ्यात बाजूच्या पॅन्ट्रीत मावशींनी चहासाठी गॅस लायटर दाबला. पहिल्या दोन ‘टक टक’ला गॅस पेटला नाही, तिसऱ्याला पेटला. तिचा हात भिंतीवरून निखळला, दंड छातीला घट्ट चिकटला, ओठ पांढरे पडले. ती ओरडली नाही, रडली नाही, आणि काय झाले असे विचारल्यावर ‘चक्कर आली’ म्हणाली. तिच्या त्या दिवशीच्या कागदावर चक्कर, रक्तदाब आणि लिंबूपाणी एवढेच लिहिले गेले असते. लायटर कुणीच लिहिला नसता.

ही भीती नुसती ‘मनात’ नसते, हे धोरण आखणाऱ्यांनी समजून घेणे फार गरजेचे आहे. खोलवर भाजून त्वचारोपण झालेल्या भागात घामाच्या ग्रंथी उरत नाहीत, त्यामुळे त्या अंगाला घाम येत नाही आणि उष्णता आत कोंडते. मोठे भाजल्यानंतर हृदयाचे ठोके कित्येक महिने वाढलेले राहतात. आता अशा रुग्णाला मे महिन्यात, अकोल्यासारख्या किंवा परभणीसारख्या गावात, पत्र्याच्या खोलीतून एसटीने ओपीडीत आणा, अंगावर प्रेशर गारमेंट आहे, आणि त्याच्याकडून खांद्याचे व्यायाम करून घ्या. छाती धडधडते, कातडी तापते, श्वास भरून येतो. हीच सारी जाणीव त्याला आग लागली त्या मिनिटात झाली होती. शरीर स्वतःच त्याला त्या मिनिटात परत नेते. तो पळतो, यात सहकार्याचा अभाव कुठला?

रात्रीचेही तसेच. सांधा सरळ ठेवणारे स्प्लिंट रात्रीच सर्वांत जास्त उपयोगी पडते, आणि स्वप्नेही रात्रीच पडतात. दचकून उठलेला माणूस आधी हाताला बांधलेले काय ते ओरबाडून काढतो. सकाळी स्प्लिंट खाटेखाली सापडते, आणि आम्ही त्याला शिस्त शिकवत बसतो. पुढे आखडलेला सांधा मोकळा करायला पुन्हा भूल, पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा ग्राफ्ट आणि पुन्हा तोच व्यायाम. या फेऱ्यावर होणारा शासनाचा खर्च एकदा काढून पाहावा. एका मानसशास्त्रज्ञाचा पगार त्यापुढे किती, याचे उत्तर हिशेबच देईल.

आघाताचा माग कसा ठेवायचा, हा पुढचा प्रश्न. आमच्याकडे येणारा प्रत्येक नातेवाईक, पोलीस आणि पत्रकार एकच विचारतो : ‘किती टक्के?’ जीव वाचेल का, द्रव किती द्यायचे, हे त्या टक्क्यावर ठरते, म्हणून तो प्रश्न रास्तच आहे. परंतु भाजलेले क्षेत्रफळ आणि मनावरचा आघात यांचे सरळ प्रमाण अभ्यासांत सातत्याने आढळलेले नाही. बारा टक्के भाजलेली बाई वर्षभर स्वयंपाकघरात पाऊल टाकू शकत नाही आणि पन्नास टक्के भाजलेला गडी सहा महिन्यांत बायकोशी चेष्टामस्करी करू लागतो, असे मी पाहिले आहे. टक्का पाहून कोणाला मानसिक मदत लागेल हे ठरवता येत नाही, विचारावेच लागते.

आणि विचारण्याची वेळही महत्त्वाची आहे. पहिल्या महिन्यात दिसणारी लक्षणे हा तीव्र ताण असतो, आणि तो अनेकांचा आपोआप ओसरतो. आघातोत्तर ताण विकाराचे निदान प्रसंगाला महिना उलटल्यावरच करता येते. तोवर मध्यम भाजलेले बहुतेक रुग्ण घरी गेलेले असतात. त्यानंतर ते रुग्णालयात परत येतात ते फिजिओथेरपीसाठी आणि ड्रेसिंगसाठी. मनोविकार ओपीडीत ते जात नाहीत, कारण ‘मी काय वेडी आहे का’ हा प्रश्न चेहऱ्यावर ओढणी घेऊन आलेली बाई स्वतःलाच आधी विचारून मोकळी होते. म्हणून चाळणी लावायची जागा एकच उरते : व्यायामाची खोली. आघातासाठी हो-नाही उत्तरांची पाच प्रश्नांची चाचणी जगभर वापरली जाते. त्या प्रसंगाची वाईट स्वप्ने पडतात का किंवा नको असताना आठवण येते का, ती आठवण टाळायला धडपड करावी लागते का, सतत सावध राहता किंवा दचकता का, माणसांपासून तुटल्यासारखे वाटते का, आणि घडले त्याबद्दल स्वतःला किंवा इतरांना दोष देणे थांबत नाही का. हे विचारायला पाच मिनिटे लागतात. हे पाच प्रश्न साध्या मराठीत, आणि जिथे गरज तिथे अहिराणी, गोंडी, कोरकू, भिलीत, फिजिओथेरपीच्या केस पेपरवर छापून घ्यावेत आणि पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात विचारणे सक्तीचे करावे, ही माझी पहिली मागणी आहे. सांध्याचा कोन मोजून लिहितो तसे हेही लिहिले जाईल.

विचारणे आणि खोदणे यांत मात्र फरक आहे, आणि इथे मला जरा थांबायचे आहे. समुपदेशनाच्या उत्साहात आपल्याकडे रुग्णाला ‘मन मोकळं कर, सगळं सांगून टाक’ असा आग्रह करण्याची पद्धत आहे. वेल्समधील संशोधकांनी भाजलेल्या रुग्णांवर केलेला एक अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णालयात दाखल असतानाच एकाच बैठकीत प्रसंग सविस्तर सांगायला लावलेल्या रुग्णांपैकी २६ टक्क्यांना तेरा महिन्यांनंतर आघातोत्तर ताण विकार होता; ज्यांची अशी बैठक घेतली नव्हती त्यांच्यात हे प्रमाण ९ टक्के होते. बैठक झालेल्या गटातील रुग्णांचा आघात मुळातच थोडा जास्त होता, हेही संशोधकांनी नमूद केले आहे, त्यामुळे बैठकीनेच अपाय झाला असे ठामपणे म्हणता येणार नाही. उपयोग झाला नाही, एवढे मात्र नक्की.

आता आपल्या जळीत कक्षातील स्त्रीला किती वेळा ‘सगळं सांगावं’ लागते ते पाहा. अपघात विभागातील डॉक्टरला, पोलीस चौकीच्या हवालदाराला, मग तपास अधिकाऱ्याला, प्रकृती गंभीर असेल तर जबाब नोंदवायला आलेल्या दंडाधिकाऱ्यांना, त्यानंतर माहेरच्यांना एक आणि सासरच्यांना दुसरे. कायद्याला जबाब हवाच, त्याला इलाज नाही आणि नसावाही. परंतु ही कहाणी ती भीतीखाली सांगत असते. खाटेच्या पायथ्याशी कोण उभे आहे यावर ती बदलते. आणि कित्येकदा ज्याने काडी लावली असा तिचा स्वतःचा जबाब आहे तोच पुढे तिला ओपीडीत घेऊन येणारा असतो. अशा बाईला व्यायामाच्या खोलीत, पडदाही नसलेल्या टेबलावर, तिसऱ्याच कुणी पुन्हा तेच विचारू नये. तिला सांगावेसे वाटले तर ऐकावे, आणि ऐकायला जागा असावी. प्रत्येक जळीत विभागाच्या फिजिओथेरपी कक्षात दार लागेल अशी एक लहान खोली असणे ही चैन नव्हे. तिथे पहिली काही मिनिटे नातेवाईकाला बाहेर बसवता आले, तरी बऱ्याच गोष्टी कळतात.

मग करायचे काय? आघातावर परिणामकारक उपचार आज उपलब्ध आहेत. आघातकेंद्रित वर्तनोपचार आणि डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी ईएमडीआर पद्धती यांची शिफारस आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत केलेली आहे. हे प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाचे काम आहे. परंतु त्याच्या आधीचे आणि त्याच्या बरोबरीने चालणारे पुष्कळ काम फिजिओथेरपिस्ट, सिस्टर आणि ड्रेसिंग करणारे मामा यांच्या हातात आहे, आणि त्यात सर्वांत वरचा क्रमांक वेदनेचा लागतो.

व्यायामाआधी वेदनाशामक देणे ही दयेची गोष्ट समजली जाते. ती उपचाराची गोष्ट आहे. अमेरिकेत २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भाजलेल्या मुलांच्या एका लहान अभ्यासात, रुग्णालयात असताना मॉर्फिनची मात्रा अधिक मिळालेल्या मुलांची आघातलक्षणे सहा महिन्यांत अधिक कमी झाली होती. मुले अवघी चोवीस होती, त्यामुळे यावर इमारत उभारू नये. तरीही वेदना दाबून ठेवली की मनावरचा ओरखडा उथळ राहतो, ही दिशा आमच्या रोजच्या अनुभवाशी जुळते. प्रत्यक्षात गोळी सकाळी आठच्या राउंडला दिली जाते, ड्रेसिंग अकराला होते आणि फिजिओथेरपी दुपारी दीडला, म्हणजे औषध उतरल्यावर. वेळापत्रक बदलायला शासनाला एक रुपया खर्च नाही. ड्रेसिंग आणि व्यायाम यांच्या अर्धा-पाऊण तास आधी वेदनाशामक, असा लेखी नियम प्रत्येक जळीत विभागाला घालून द्यावा, ही दुसरी मागणी. परदेशात याच कामासाठी रुग्णाच्या डोळ्यांवर उपकरण चढवून त्याला आभासी बर्फाच्या प्रदेशात नेतात आणि त्याने वेदना कमी होते, हे सिएटलच्या संशोधकांनी दाखवले आहे. आम्ही ते मागत नाही. रुग्णाच्या मोबाइलवर त्याच्या आवडीचा तमाशा किंवा भजन लावायला परवानगी असली तरी आमचे भागेल. काही रुग्णालयांत तीही नसते.

दुसरी गोष्ट ताब्याची. आग लागली तेव्हा रुग्णाच्या हातात काहीच नव्हते. व्यायामाच्या टेबलावरही जर त्याचा हात धरून आम्हीच ओढत राहिलो, तर त्याच्या मनात दोन्ही प्रसंग एकाच खात्यावर जमा होतात. म्हणून आधी सांगायचे, मग स्पर्श करायचा. दहापर्यंत रुग्णाने मोजायचे, आम्ही नाही. डावा हात उचलला की थांबायचे, आणि खरोखरच थांबायचे, ‘फक्त एकदाच’ म्हणायचे नाही. शक्य तिथे ड्रेसिंगची पहिली घडी त्यानेच सोडवायची. रोज तोच थेरपिस्ट असावा. यातील एकाही गोष्टीला यंत्र लागत नाही, मात्र वेळ लागतो. आणि एका थेरपिस्टकडे सकाळच्या ओपीडीत कंबरदुखी, अर्धांगवायू, फ्रॅक्चर आणि जळीत अशी गर्दी असेल, तर पहिला बळी या वेळेचाच जातो. जळीत विभाग असलेल्या प्रत्येक रुग्णालयात केवळ त्या विभागासाठी फिजिओथेरपिस्टचे स्वतंत्र पद हवे.

तिसरी गोष्ट घरी परतण्याची तयारी. स्वयंपाकघरात भाजलेल्या बाईला आपण स्वयंपाकघरातच परत पाठवतो आणि मधल्या वाटेची कोणतीच सोय करत नाही. पायरीपायरीने जावे लागते : आधी न पेटलेली काडेपेटी हातात, मग शेगडीजवळ उभे राहणे, मग कुणी तरी शेजारी असताना गॅस पेटवणे, मग एकटीने चहा. ऑक्युपेशनल थेरपीत, म्हणजे रोजची कामे पुन्हा करायला शिकवणाऱ्या उपचारात, यासाठी सरावाचा ओटा असतो आणि असला पाहिजे. आशियातील ऑक्युपेशनल थेरपीचे पहिले विद्यालय १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमलाबाई निंबकर यांनी सुरू केले. ज्या राज्यात ही विद्या या खंडात प्रथम आली, त्याच राज्यात जिल्हा पातळीवर ऑक्युपेशनल थेरपिस्ट दुर्मीळ असावा, याचे मला फार वाईट वाटते. जळीत विभागाच्या पुनर्वसन कक्षात एक ओटा, एक शेगडी, एक सिंक आणि एक थेरपिस्ट, इतकी साधी ही मागणी आहे.

पुरुषांचे वेगळे असते. विजेच्या खांबावर भाजलेला कंत्राटी वायरमन, बॉयलर फुटून भाजलेला कामगार यांना रडण्याची मुभा नसते, ते दारू पितात. डोंबिवलीच्या एमआयडीसीत २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये कारखान्यांत भीषण स्फोट झाले. अशा घटनांनंतर मृतांचे आकडे आणि भरपाईच्या रकमा छापून येतात. वाचलेल्या कामगाराला कारखान्याच्या भोंग्याने घाम फुटतो का, हे कोणी विचारत नाही. कामगार विमा रुग्णालयांनाही वरील सारे लागू व्हावे, यासाठी आपण केंद्राकडे शब्द टाकावा.

लहान मुलांबद्दल थोडे अधिक. ग्रामीण भागातून येणारी भाजलेली मुले बहुधा आंघोळीच्या कढत पाण्याने, उकळत्या डाळीने किंवा चहाने भाजलेली असतात. ती बादली पाहून किंचाळतात, आणि आमच्याकडे व्यायामाआधी अंग भिजवायला बादलीच आणली जाते. रंगीत टब आणि मग आणला, पाणी मुलाच्या हाताने ओतू दिले, आईला जवळ बसू दिले, तर निम्मा लढा संपतो. आईचे काय, हा प्रश्न राहतोच. ‘मी दोन मिनिटं वळले होते’ हे वाक्य ती सगळ्यांना सांगत असते, आणि घरातून तिला त्याची आठवण रोज करून दिली जाते. मुलाचा व्यायाम घरी तिच्याकडूनच करून घ्यायचा असतो. अपराधाच्या ओझ्याखाली दबलेली आई मूल रडले की हात सोडून देते. आईला दिलेला अर्धा तास मुलाच्या कोपरात दिसतो. पाच प्रश्न तिलाही विचारले जावेत.

कायदा आपल्या बाजूने आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १८ ने शासकीय सेवांतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. कलम २१ ने मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने वागवण्याचे बंधन घातले आहे आणि विमा कंपन्यांनाही त्यात आणले आहे. कलम ११५ तर आपल्या जळीत कक्षांसाठी फारच महत्त्वाचे आहे : आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरायचे, आणि तिला काळजी, उपचार व पुनर्वसन देऊन पुन्हा तसा प्रसंग येऊ नये हे पाहणे शासनाचे कर्तव्य आहे, असे ते सांगते. स्वतःला पेटवून घेतलेली आणि वाचलेली व्यक्ती आमच्याकडे महिनोन्‌महिने व्यायामाला येते. कायद्यातील पुनर्वसन तिला ज्या एकमेव खोलीत प्रत्यक्ष भेटू शकते, तिथे त्यासाठी कोणीही नेमलेले नसते. फोनवरून मानसिक मदत देणारी टेलिमानसची १४४१६ ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि ती चांगली आहे. तिचा क्रमांक प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर ठळक छापावा. मात्र फोन करण्यासाठी फोन स्वतःच्या हातात असावा लागतो, आणि आमच्या कित्येक रुग्ण बायकांच्या तो नसतो.

आम्ल हल्ल्यातील पीडितांना २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वतंत्र स्थान दिले, राज्याच्या मनोधैर्य योजनेने आर्थिक मदतीची वाट करून दिली, सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या मोफत उपचारांचे आदेश दिले. हे योग्यच झाले. पण शेजारच्या खाटेवर रॉकेलने किंवा गॅसने तितकाच चेहरा गेलेली बाई असते आणि तिचे दिव्यांगत्व सांधा किती अंश वळतो यावर मोजले जाते. चेहऱ्याचे काय, झोपेचे काय, याला तिच्या प्रमाणपत्रात रकाना नाही. कायद्यात बदल केंद्राने करायचा असला तरी राज्याने आपल्या योजनांचा लाभ देताना हा भेद बाजूला ठेवावा, त्याला कोणाची आडकाठी असण्याचे कारण नाही.

राहिला पैशांचा विषय. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजलेल्यांच्या उपचारांचा समावेश आहे, आणि त्यामुळे असंख्य कुटुंबे कर्जापासून वाचली हे मी मनापासून मान्य करते. आता या पॅकेजमध्ये रुग्णालयाबाहेरची निदान दोन वर्षे यावीत : प्रेशर गारमेंट (ती सैल होतात आणि पुन्हा शिवावी लागतात, एका जोडीने भागत नाही), स्प्लिंट, फिजिओथेरपीच्या फेऱ्या आणि मानसोपचाराच्या बैठका. महिलांना एसटीत अर्धे तिकीट झाले, त्याने खरोखर फरक पडला. तरी सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते, म्हणून तिसऱ्या महिन्यानंतर ओपीडीतील खुर्च्या रिकाम्या दिसू लागतात. न आलेल्या रुग्णाला फोन करण्याचे काम कोणाचे, हेही आज ठरलेले नाही. जळीत विभागाच्या समाजसेवा अधीक्षकाकडे ते द्यावे आणि न आलेल्यांची यादी दर आठवड्याला त्याच्यापुढे ठेवावी. दिवाळीच्या आसपास ही यादी वाढते. फटाक्यांच्या आवाजात ही माणसे घराबाहेर पडत नाहीत, आणि त्यांच्यासाठी तेवढ्या दिवसांत थेरपिस्टने घरी फोन करून व्यायाम घ्यायला काहीच हरकत नाही.

मानसशास्त्रज्ञ कुठून आणायचे, असे विचारले जाईल. प्रत्येक जळीत विभागाला पूर्णवेळ मानसशास्त्रज्ञ उद्या मिळणार नाही, हे मला कळते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक जिल्हा रुग्णालयात असते. त्यातील एका व्यक्तीने आठवड्यातून एक ठरलेला दिवस फिजिओथेरपी कक्षात बसावे, आमच्या टेबलाशेजारी. रुग्णाला चिठ्ठी देऊन दुसऱ्या इमारतीत पाठवले की निम्मे रुग्ण वाटेत हरवतात. तीच व्यक्ती पेपरातून डोके वर काढून ‘काय ताई, आज हात किती वर गेला?’ असे विचारू लागली, की चार आठवड्यांनी ताई स्वतःच झोपेबद्दल बोलते. आणि या कामाचे प्रशिक्षण आम्हा फिजिओथेरपिस्टना, सिस्टरना आणि ड्रेसरना द्यावे. आमच्या अभ्यासक्रमात मानसशास्त्राचा एक पेपर असतो, तो पास होण्यापुरता. भाजलेल्या माणसाला हात लावण्याआधी काय बोलावे, हे आम्ही टेबलाशी उभे राहून एकमेकांकडून शिकलो. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला सोबत घेऊन जळीत विभागातील कर्मचाऱ्यांसाठी काही दिवसांचा प्रत्यक्ष सरावाचा अभ्यासक्रम आखता येईल. त्यात कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या झोपेचाही विचार व्हावा. किंकाळ्या ऐकतच ज्यांची पाळी संपते, त्यांच्याकडून हळुवारपणा फुकट मागता येत नाही.

केस पेपरवरील पाच प्रश्न, वेदनाशामकाची वेळ आणि मानसशास्त्रज्ञाचा आठवड्यातील एक दिवस या तीन गोष्टींसाठी नवे पद, नवी इमारत किंवा विधिमंडळाची मंजुरी लागत नाही. दोन्ही विभागांचे एक संयुक्त परिपत्रक पुरेसे आहे. ते येत्या दिवाळीपूर्वी निघावे अशी विनंती आहे. पदे, पॅकेज आणि सरावाचा ओटा यांसाठी पुढील अर्थसंकल्पाची वाट पाहायला आम्ही तयार आहोत. परिपत्रकाच्या मसुद्यासाठी आपण बैठक बोलावल्यास तिथे जळीत विभागातील एक फिजिओथेरपिस्ट, एक सिस्टर आणि पुनर्वसन पूर्ण केलेले दोन रुग्ण यांना अवश्य बोलवावे. बैठक मंत्रालयाच्या कितव्या मजल्यावर आहे ते आधी कळवावे आणि लिफ्ट चालू असल्याची खात्री करून घ्यावी. त्या दोघांपैकी एकाचे गुडघे अजून पूर्ण वाकत नाहीत.

कळावे,
आपली विश्वासू,
जळीत विभागात काम करणारी एक फिजिओथेरपिस्ट